डावा रकाना

कंपूच्या मैदानावर पहाटे पाचला
किल्ला दिसत नाही,
नुसता आभाळाचा एक तुकडा जास्त काळा असतो.
चुन्याची रेघ मी स्वतः ओढतो.
हात थरथरतो हल्ली, तरी लेन सरळ येते.

वहीचं पान उभं दुमडलेलं.
उजवीकडे मुलगे: साठ मीटर, सहा वेळा,
मध्ये चार मिनिटं, मग वजनं, मग स्लेड ओढणं.
डावीकडे मुली:
उजवीकडचंच, त्यातून थोडं वजा.
सहाच्या जागी चार. वीस किलोच्या जागी बारा.
एकवीस वर्षं मी ही वजाबाकी शिकवली
आणि तिला पद्धत म्हटलं.
मलाही अशीच मिळाली होती.
आमच्या कोर्सच्या जाड पुस्तकातल्या
धावणाऱ्या सगळ्या आकृत्यांना मिशा होत्या.

चौथ्या धावेनंतर दीपेंद्र तोमर
गुडघ्यांवर हात टेकून जमिनीशी काही बोलत होता.
दहा-ऐंशीचा गडी. ब्लॉकमधून सुटला
की मागे मातीचा फवारा उडतो.
सहा अठ्ठ्याण्णव, सात पाच, सात एकोणीस, सात एकतीस.
त्याला चार मिनिटं पुरत नव्हती.
आणि शर्वाणी शितोळे दोन मिनिटांत रेघेवर.
"सर, शिट्टी."
म्हटलं, तुझं झालं.
"झालं कुठं? तुम्ही संपवलंत."

वाजवली.
पाचवी, सहावी, हट्टानं सातवी.
आठ दोन, आठ पाच, आठ चार.
मी घड्याळ कानाशी धरून पाहिलं,
जसं काही ते डिजिटल नव्हतंच.

म्हणजे फरक नाही असं नाही.
खोक्यावरून उडी टाकून उतरताना
तिचा गुडघा आत झुकतो, सैल बिजागरीच्या दारासारखा.
दीपेंद्रचा सरळ बसतो.
तिला उतरणं शिकवायला हवं होतं, रोज, धावण्याआधी.
डावीकडे जास्तीचं लिहायला हवं होतं.
पण वजाबाकीत जास्तीला जागा कुठली.

जानेवारीत एकदा ती आठ चाळीस धावली.
मी सगळ्यांसमोर बोललो. आळस म्हणालो.
ती वहीपाशी आली, माझंच पेन घेतलं,
तारखेवर एक बारीक ठिपका दिला
आणि सायकल काढून दौलतगंजाकडे गेली.
दिवसभर मी त्या ठिपक्याचा अर्थ लावत बसलो.
रात्री तांदूळ धुता धुता, मान न वळवता
बायको म्हणाली,
"इतकी वर्षं याच घरात राहता ना?"

नंतर कळलं, ठिपका म्हणजे नियमही नाही.
फेब्रुवारीत ठिपक्याच्याच दिवशी
तिनं सात सत्त्याण्णव काढले.
मग तो फक्त विचारण्याची खूण राहिला.
आता विचारतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा
किल्ल्याकडे बघत विचारलं.

नवी वही घेतली. प्रत्येकाला एक पान.
दीपेंद्र रेंगाळला: "सर, मेरे छह मिनट कर दो ना."
केली. मुलग्याला कधी कुणी विचारत नव्हतं की दमलास का,
तेही या निमित्तानं लक्षात आलं.
पान उघडलं की बोटं सवयीनं घडी घालायला जातात.
तळहातानं सपाट करतो.

पानाच्या तळाशी एक ओळ रिकामी ठेवतो,
ज्याचं पान त्यानं भरायची.
बहुतेक जण "ठीक" लिहितात.
शर्वाणीनं गुरुवारी लिहिलंय:
स्पाइक्समधून टाच सुटते.
दुकानात लेडीज म्हणून देतात ते
मुलग्यांचेच लहान नंबर आहेत, सर.

आज मंगळवार.
दुकानदाराला मी अजून फोन केलेला नाही.