शेरा

यादी असते का हो,
असं मी थेट कधीच विचारलं नाही.
शरणपूर रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस.
जिन्यात गरम कागदाचा वास.
दारावर पाटी : मनुष्यबळ.
त्यातला मी मनुष्य की बळ,
हे सात वर्षांत ठरलं नाही.

फेब्रुवारीपर्यंत फोन यायचे.
"खैरनार सर, अंबडला पॅकिंग लाइन बंद पडलीय,
आज रात्री जमेल?"
जमायचं.
पॅनेलसमोर उकिडवा बसायचो
लाल दिवा हिरवा होईपर्यंत,
आणि पहाटे पाथर्डी फाट्यावर
पहिल्या आधणाचा चहा.

मग ते मुसळगावचं काम.
तीन बिलं थकलेली, सगळ्यात जुनं एकशे दहा दिवसांचं,
आणि म्हणे, पार्टीकडून आले की लगेच.
मी लॅपटॉप मिटला.
प्रोग्रामचा पासवर्ड दोन दिवस सांगितला नाही.
हे बायकोला अजून माहीत नाही,
तिला वाटतं मी नुसताच निघून आलो.
तिसऱ्या दिवशी सांगितला.
पैसेही आले, पूर्ण नाही, पण आले.
त्यानंतर फोन नाही.

आधी म्हटलं, मार्चएंड असेल.
मग म्हटलं, मंदी.
मग कळलं, सातपूरच्या वाघचौऱ्यांना बोलावलं,
तेही त्याच अंबडच्या लाइनसाठी,
जिला माझ्याशिवाय कुणाचा हात चालत नाही
असं मीच सगळीकडे सांगत आलो होतो.
दुसऱ्या एजन्सीला बायोडाटा पाठवला. तिसऱ्या.
सगळीकडे तोच मऊ आवाज :
"तुमचं प्रोफाइल आमच्याकडे आहे, सर."
आहे, म्हणजे ठेवलंय
की पुरलंय?

रात्री ती यादी मला दिसायची.
काळ्या पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी.
माझ्या वर कोण, खाली कोण, तेही बघायचो.
येवल्याचा तो वेल्डर नक्की असणार,
ज्यानं हातमोजे मागितले होते,
दोनदा.

जूनमध्ये अर्पिता बागूल भेटली,
कॉलेज रोडला, औषधांच्या दुकानात.
तिथे फोन करायला तीच असायची. नोकरी सोडली म्हणाली.
मी काही विचारायच्या आत,
"यादी वगैरे नसते, सर.
एक्सेल असते. शेवटचा कॉलम, शेरा.
तुमच्या ओळीला पिवळा रंग मीच दिला.
काळा दिला तर अक्षरं दिसत नाहीत."
शेरा काय होता?
"दोन शब्द. साहेबांनी सांगितलेले."
सुटे पैसे तिनं दोनदा मोजले.
"आता आठवत नाहीत."

चौथीत पाटणकर बाईंनी लिहिलं होतं,
हुशार आहे, पण उलट बोलतो.
खाली रेघ असायची, पालकांच्या सहीची.
आप्पा सही करायचे, न वाचता,
सायकलच्या सीटवर प्रगतीपुस्तक ठेवून, घंटी वाजवत.
पण निदान पुस्तक घरी यायचं.
दप्तरातून, माझ्याच पाठीवरून.

त्या रात्री बिलांची डायरी काढली,
बागूलबाईंचा नंबर टिपायला.
मागच्या पानावर माझंच अक्षर :
यांचं काम घ्यायचं नाही.
अकरा नावं.
नऊ जणांनी खरंच पैसे बुडवले.
दहावा बोलायला उद्धट होता, इतकंच.
अकरावं नाव सिन्नरच्या एका छोट्या वर्कशॉपचं,
तिथे मी कधी गेलोही नाही.
वाघचौरे म्हणाले होते, सांभाळून.
बहुतेक चहा पिताना.

त्यांचा एकदा फोन आला होता.
मी नाव बघितलं
आणि वाजू दिला.