छायाकल्प

पंचांगाने एका ओळीत उरकलंय:
छायाकल्प. वेध नाहीत. पाळू नये.
म्हणून नेहरूनगरच्या गच्च्यांवर आज
कुणी कुणाला हाक मारत नाही,
पाण्याच्या हंड्यावर तुळशीपत्र नाही,
'दे दान सुटे गिऱ्हाण' ओरडत
गल्लीतून जाणारं कुणी नाही.
खाली कुणाच्या तरी कुकरची तिसरी शिट्टी.
मी कुरडया गोळा करतेय.
जुन्या पातळावरून सोडवताना
कितीही जपा, कडा मोडतातच.

सात वाजून सहा मिनिटं.
एकलहऱ्याच्या धुराड्यांमागे
काहीतरी वर आल्यासारखं वाटतं.
चंद्र म्हणायला धीर होऊ नये इतकं मळकं,
हातोहात फिरून मऊ पडलेल्या
दहाच्या नोटेसारखं.

मृण्मयी, शेजारच्या देवऱ्यांची, सातवीतली,
गळ्यात मामाने दिलेली दुर्बीण.
"ग्रहण कुठंय काकू?"
"थांब."
"हा तर नुसता धूर आहे."
"थांब म्हटलं ना."

थांबणं मला येतं.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये तपासणीला होते.
ताव उचलायचा, बघायचा, पालथा करायचा,
बघायचा, ठेवायचा.
शाई एक श्वासभर फिकी असली
तरी बोट आधी थांबायचं,
डोळा मागून यायचा.
शेजारच्या टेबलाला कौसल्या उगलमुगले.
म्हणायची, एकटक नको बघूस गं,
एकटक बघितलं की सगळंच बरोबर दिसतं.
नजर जरा बाजूला टाक,
चूक आपल्या पायांनी पुढे येते.

टाकली बाजूला.
पाण्याच्या टाकीवर, टाकीवरच्या पारव्यावर,
मग धुराड्याच्या तांबड्या दिव्यावर.

आणि आलं.
उजवीकडे, खालच्या अंगाला,
आरशाजवळ तोंड नेऊन
कुणी नुकतंच काहीतरी बोलून गेल्यासारखं.
धूर हलत होता.
ते हलत नव्हतं.

"दिसलं?"
मृण्मयीने दुर्बीण लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली.
"तुम्हाला तसं वाटतंय, काकू."
असेल.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी
कौसल्याच्या चांगल्या गठ्ठ्यात
मला एक फिका ताव दिसला होता.
मी काढला, वाईटात सरकवला,
बोलले काही नाही.
पुढच्या आठवड्यात दोन.
मग मोजणं सोडलं.
पावसाळा संपता संपता एका दुपारी
तिने न विचारता माझ्या डब्यात
पेरूची मोठी फोड ठेवली, तिखटमीठ लावलेली,
आणि स्वतःच्या डब्याकडे बघत जेवत राहिली.
तेव्हा समजलं, तिला समजलंय.
त्यावरही आम्ही बोललो नाही.
पाळायचं नव्हतंच ते.

आता ती सिन्नरला, लेकाकडे.
दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊन
उजेड आणि माणूस एवढं कळतं,
माणूस कोण ते आवाजावरून.
मी फोन लावला.
"काय गं, या वेळेला?"
"चंद्र उगवलाय."
"मग? रोज उगवतो."
"ग्रहण आहे. छायाकल्प."
जरा वेळ नुसती त्यांच्या टीव्हीची बडबड.
मग टीव्ही बंद झाला.
"कुठल्या बाजूला?"
"उजवीकडे. खाली."
"किती?"
"एक श्वासभर."
"कड स्वच्छ आहे?"
मी पुन्हा बघितलं. बाजूला बघून बघितलं.
"कड स्वच्छ आहे."
"तरी वाईटात टाक," ती म्हणाली
आणि हसता हसता तिला ठसका लागला.

तिकडे नळाला पाणी आलं होतं.
ठेवते म्हणाली.

मृण्मयी टाकीच्या शिडीवर चढून बसली होती,
दुर्बीण मांडीत, मान वाकडी करून
मुद्दाम पारव्याकडे बघत.
मी तिला काही विचारलं नाही.
निम्म्या कुरडया अजून पातळावरच होत्या.