लाभ

रात्रीचे दोन वीस. घणसोली, सिम्प्लेक्स, चौथा मजला.
गॅसवर उकळून गार होत ठेवलेलं मोरब्याचं पाणी,
आणि मी सुरीच्या पाठीनं चमचा सपाट करतोय.
तीस मिलीला एक. शीग नाही, दाबून नाही.
डब्यावर लिहिलंय ते,
पण मला न लिहिताही कळलं असतं.
मी मापाडी. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
सोळा वर्षं काट्यापाशी उभा आहे.

सोळा वर्षांत माझ्या काट्यावरून
एवढा वाद झाला नाही
जेवढा चार दिवसांत या बाटलीवरून.

डॉक्टर लोखंडे फोनवर बोलता बोलता लिहीत होते:
दूध बंद, चोवीस तास. पेजेवरचं पाणी द्या.
वाशीच्या मॅथ्यूबाईंनी ती चिठ्ठी वाचली,
चष्मा काढला, पुसत राहिल्या.
उपाशी कशाला ठेवता तिला?
हेच दूध, याच मापानं.
दर जुलाबामागे ओआरएस, झिंक चौदा दिवस.
मेडिकलवाला राजपुरोहित म्हणतो डबाच बदला,
सोयाचा आलाय, नऊशे पंच्याऐंशी.
पाटणहून अक्कांचा फोन: जायफळ उगाळ,
दोनच वेढे, तिसऱ्याला पोर गुंगतं.
तांडेलकाकू दारातच उभ्या, चप्पल न काढता:
पावडर पातळ कर रे, जड जाते.

मी सगळ्यांपुढे मान हलवली.

पहिल्या दिवशी पेज.
रेवूनं दोन घोट घेतले, बूच सोडलं
आणि माझ्याकडे बघितलं,
गाळ्यावरचं गिऱ्हाईक बघतं तसं,
गोणी हलकी लागल्यावर.

आणि परवा रात्री,
कांचनचा डोळा लागलेला असताना,
एकशेवीसला मी तीनच चमचे टाकले.
काकूंचं ऐकून. जड नको म्हणून.
हातानं टाकले, हात थांबला नाही.
मापात पाप म्हणतात ते एवढंसं असतं,
पिवळ्या प्लास्टिकच्या चमच्याएवढं.

सकाळी सांगितलं तिला.
ती ओरडेल असं वाटलं होतं.
ती म्हणाली, साडेचार महिने सगळे मला विचारायचे,
अंगावर का पाजत नाहीस.
आता कुणी काही विचारत नाही,
नुसती उत्तरं देतात.
मग माझी बाजारातली जुनी वही उलटी करून
तिनं मागच्या पानापासून रेघा मारल्या:
वेळ. किती प्यायली. रंग. लंगोट ओला का.

मॅथ्यूबाईंचं ऐकायचं, म्हणाली.
का?
त्यांनी आधी तिला हातात घेतलं.
टाळू चाचपली, जीभ बघितली,
पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली.
बोलल्या नंतर.

यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.
न उचलता वजन सांगणारे
मी बाजारात रोज बघतो.

तर आता दोन वीस. एमआयडीसीकडून
तो गोडसर उग्र वास खिडकीतून येतोय.
कांचन रेवूला मांडीवर घेऊन बसली आहे,
वाटी-चमच्यानं ओआरएस देऊन झालंय, अर्धं गळ्याखाली,
अर्धं झबल्यावर.
आप्पांनी खळ्यावर शिकवलं होतं,
पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही.
मी ओठातल्या ओठात मोजतो.
लाभ.
दोन.
तीन.
इथे जरा थांबतो, माझ्या हाताकडे बघतो.
चार.

ती ओढतेय. बाटलीवरची रेघ
शंभरावरून खाली, ऐंशी, साठ.
माल घटताना बघून
मला आयुष्यात कधी बरं वाटलं नव्हतं.
साठला थांबते. झोपली की दमली, कळत नाही.
तिचं वजन करावंसं वाटतं, आत्ता, या घडीला.
पण माझा काटा गोण्यांचा,
तिच्याएवढ्या जिवाला तो हलायचाही नाही.

वहीत लिहितो: २.५०. साठ मिली.
रंगाचा रकाना रिकामा.
लंगोट चाचपतो. गरम आहे, जड आहे.
ओला, लिहितो, आणि त्याखाली
दोनदा रेघ ओढतो.