आठवा

निळ्या टोपणाची नळी. तळाशी थोडं सायट्रेट,
म्हणजे रक्तातला चुना बांधून ठेवलेला.
चुन्यावाचून रक्त साकळत नाही,
नुसतं पातळ बसून राहतं.

रास्ता पेठ, दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान.
पाण्याची टाकी सदतीस अंशांवर,
आणि मी, स्टॉपवॉच गळ्यात,
तेवीस वर्षं नळ्या तिरप्या करत आलेय:
पातळ, पातळ, पातळ,
मग एका क्षणी आतलं हलायचं थांबतं.

अयाज शिकलगार, वय सात, गंज पेठ.
चौतीस सेकंदांत व्हायला हवं होतं.
साठ झाले. ऐंशी.
चहावाला पोऱ्या ग्लास ठेवून गेला.
एकशे चारला कुठे एक तार दिसली,
तीही चुकून आल्यासारखी.

आज रिपोर्ट. बाप बाकावर,
तळहातांवर करवतीच्या दात्यांच्या जुन्या खुणा.
टिंबर मार्केटातल्या करवती, मटणवाल्यांचे सुरे,
टेलरांच्या कात्र्या, सगळं त्याच्या चाकावर.
म्हणाला, चाक विकलं मॅडम, मागच्या महिन्यात.
घरात पातं नको.

पण पोराला पात्यानं कापलंच नव्हतं कधी.
शाळेबरोबर पर्वती चढून उतरला,
न पडता, न खरचटता,
आणि रात्री गुडघा शहाळ्याएवढा.
आतल्या आत.
चाक विकून टळणारं नव्हतं ते.
मी बोलले नाही.

त्याच्यात काय नाही, त्यानं विचारलं.
समजावायचं काम डॉक्टरांचं. ते राउंडला गेलेले.
म्हटलं, रक्तात काही प्रथिनं बोथट फिरत असतात,
त्यांना तेरापर्यंत आकडे आहेत
(सहावा नाहीच. मोजणाऱ्यांनी पाचव्यालाच दोनदा मोजलं होतं).
जखम झाली की एक दुसऱ्याला छिलतं,
छिललं की त्याला धार येते,
ते पुढच्याला छिलतं, त्यालाही धार.
शेवटी थ्रॉम्बिन. ते विरघळलेल्या फायब्रिनोजेनची
टोकावरची टोपणं उडवतं,
आणि टोपणं उडालेली ती एकमेकांत अडकतात,
तार होते, तारांची जाळी,
तेरावा येऊन गाठी मारतो.

तो पहिल्यांदा हसला.
हे तर आमचंच काम की.

हो. आणि आठवा
कापत नाही कुणाला. तो फक्त
नवव्याला दहाव्यावर नीट टेकवून धरतो.
तुमचा एक हात पातं सरकवतो ना,
तर दुसरा. दाबून धरणारा.
तो नाही. टक्क्याहून कमी आहे.

त्यानं स्वतःचा डावा हात उलटा करून पाहिला.
बराच वेळ.

फॉर्मवर एक रकाना रिकामा होता:
आईकडच्या कुणाला असं झालं होतं का.
ती दारातच उभी होती, नसीम,
चपला न काढता, जणू लगेच निघायचंय.
म्हटलं, आठवा जरा.
ती म्हणाली, आठवायला कशाला लागतंय.
धाकटा भाऊ. रहिमतपूर. दात काढला होता.
आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली,
लिहा.

लिहिलं.

जिन्यात ते थांबले. वरून ऐकू येत होतं,
तो फोनवर कुणाला तरी विचारत होता
चाक अजून आहे का, का गेलं पुढे.

कालचं एक त्यांना सांगायचं राहिलं.
एकशे चार आल्यावर आम्ही मिश्रण करतो:
अर्धा प्लाझ्मा पेशंटचा, अर्धा चांगला.
चांगला बाहेरून येत नाही. तो आमचाच,
पगारेबाईंचा, नव्या ट्रेनीचा, माझा,
डीप फ्रीजमध्ये एकत्र करून ठेवलेला.
दोन्ही एका नळीत घेतले,
चुना सोडला, वॉच दाबलं.

छत्तीस.

पुन्हा केलं. सदतीस.
म्हणजे जे नाही ते देता येतं, एवढाच त्याचा अर्थ,
वहीत तेवढंच लिहायचं असतं.
मग उगाच, नियमात नसताना,
नळी खिडकीपाशी नेली
आणि पूर्ण उलटी धरली.
थेंबही सांडला नाही.