प्रश्न क्रमांक सव्वीस

घणसोली गावात, साडेबारा टक्क्यांतून उगवलेल्या
आमच्या चार मजली इमारतीत
ती मुलगी फाइल घेऊन आली.
मानसशास्त्र, दुसरं वर्ष, ओठावर घाम.
बेचाळीस प्रश्न. विषय : माझा भाऊ निळकंठ,
सध्या मुक्काम तळोजा.

जन्मताना वजन किती होतं?
आई म्हणाली, वजन कोणी केलं बाय?
नाळ मानेला गुंडाळलेली, ओठ जांभळे.
सुईणीनं थापट मारली तरी रडला नाय.
मंग कवाच रडला नाय.
मुलीनं लिहिलं : प्राणवायू कमी पडला असावा.

डोक्याला मार?
मिठागराच्या बांधावरून पडलेला, सातव्या वर्षी.
मीही पडलो होतो, त्याच बांधावरून, त्याच दुपारी,
त्याच्यामागून उडी टाकून.
त्याची खोक केसांत गेली, माझी भुवईवर राहिली.
मुलीनं माझ्या भुवईकडे पाहिलं,
पण तिच्या कागदावर तेवढी जागा नव्हती.

वडील?
आई फरशी पाहत राहिली.
कालवण खारट झालं तरी हात उठायचा,
नाही झालं तरी.
आम्ही दोघं एकाच भिंतीला पाठ लावून बसायचो.

कोपरखैरण्याच्या लॅबमध्ये
मी दिवसाला दीडशे नळ्या फिरवतो.
फिरलं की रक्त आपापलं बसतं :
खाली लाल, वर पिवळसर पाणी,
मधे पातळ पांढरी साय.
एका रात्रपाळीला स्वतःचंच काढलं, फिरवलं,
उजेडात धरून बघितलं बराच वेळ,
बापाचा हात कुठल्या थरात बसलाय.
रिपोर्ट मीच काढला. सगळं मर्यादेत.
हिमोग्लोबिन जरा कमी.

मुलगी समजावत होती :
कपाळाच्या मागे एक भाग असतो, मावशी,
ब्रेकसारखा. काही जणांचा उशिरा लागतो.
आई म्हणाली, कपाळं तर दोघांची सारखीच हायत, बघ.

मला ठाऊक आहे तो ब्रेक.
आधी कान तापतात, मग मान,
मग हात आपला राहत नाही.
पण मधे कुठेतरी एक फट उरते, बिजागरीएवढी,
तिच्यातून ऐकू येते शेजारच्या कुकरची शिट्टी,
आणि मी परत येतो.
मला कुणी शिकवलं नाही हे.
निळ्याला ती शिट्टी ऐकू येत नाही, एवढंच.

आणि रबाळ्याचा तो टायरवाला, शिवमूर्ती,
गाडी पुढे घे म्हणाला, दोनदा म्हणाला.
पाना त्याच्याच दुकानातला होता.
वाशीच्या हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी गेला.
त्याची बायको आता पंक्चर काढते.
मी रिक्षा लांबून वळवायला सांगतो.

एक गोष्ट आईनं सांगितली नाही, मीही नाही :
चिंबोऱ्यांच्या नांग्या घरात मी मोडायचो.
जिवंतपणी, एकेक, आवाज ऐकत.
निळ्या तेव्हा ओटीवर जाऊन बसायचा
कानांवर हात ठेवून,
आणि जेवायला फक्त भात घ्यायचा.

प्रश्न सव्वीस.
इतर भावंडांत अशी लक्षणं?

पंखा फिरत होता.
आईनं पानाचा डबा उघडला.
माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे पाहिलं,
आणि माझ्या गुडघ्याशी पडलेला अडकित्ता
सावकाश आपल्याकडे ओढून घेतला.
सुपारी तर तिनं कधीच सोडलीय, दात गेल्यापासून.

नाय, ती म्हणाली. ह्यो गरीब हाय.

मुलीनं खूण केली, पुढचं पान उलटलं.

लिफ्ट बंद होती, म्हणून खाली सोडायला गेलो.
ती माझ्यामागून उतरत होती,
दोन पायऱ्या राखून, फाइल छातीशी धरून.
दुसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी
कुकर झाला. मी थांबलो.
तीही थांबली.