मुकं काडतूस

कुहमोच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या शेडमध्ये
दिवा एकच, आणि तोही
प्रेसच्या डोक्यावर वाकलेला.
सप्टेंबर सरत आलाय. मूसच्या शिकारीला पंधरा दिवस.

"तू वाच," ऑर्वो राकेलला म्हणतो,
"व्हर्नियरवर मला आता नुसत्या मुंग्या दिसतात."

ती दिवसभर गिरणीत फळ्यांच्या गाठी मोजते,
संध्याकाळी इथे येऊन
मिलिमीटरचे शंभर तुकडे.

आधी एक मुकं काडतूस:
दारू नाही, टोपी नाही,
पितळेच्या तोंडात सैलसर धरलेली गोळी.
मेणबत्तीच्या ज्योतीवर तिचं नाक काजळायचं,
बाळाला तीट लावावी तसं, हलक्या हाताने.
बोल्ट सावकाश पुढे.
सावकाश मागे.
काजळीवर चार बारीक ओरखडे उठले
की समजायचं, गोळी पिळांना टेकली.

तिथून अर्धा मिलिमीटर मागे.

"फार आत ढकललीस तर दारू कोंडते.
फार बाहेर ठेवलीस तर नाक आधीच अडकतं
आणि कोंडमारा तोच.
थोडं धावू दे तिला,
उंबरठा ओलांडण्याइतकं."
एवढं बोलून तो दमतो.
एवढं तो आठवडाभरात बोलत नाही.

मागच्या रविवारी क्लबातला पोरगा आला होता, वेइक्को,
नवी बंदूक, नवं जाकीट.
"काका, तुमचा आकडा सांगा ना."
"माझ्या नळीचा आकडा
तुझ्या नळीला काय कामाचा?"
पोरगा हसला. ऑर्वो हसला नाही.
मग त्याला कॉफी दिली,
आणि एक मेणबत्ती.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
ही म्हण ऑर्वोला ठाऊक नाही,
आणि त्याची बंदूक ती मानत नाही.
इथे नळी शाबूत, जळतोय तो पीळच,
दर हंगामाला केसभर पुढे सरकत,
आणि गोळी त्याच्या मागोमाग
पितळेतून थोडी थोडी बाहेर.
निळी वही मागे चाळली तर दिसतं:
एक्क्याऐंशी सालापासून आकडा
एकदाही कमी झालेला नाही.
काही पानांवर अक्षर गोल आहे, बाईमाणसाचं.
राकेल विचारत नाही.

आज तिने तयार काडतूस मॅगझिनमध्ये घातलं.
गेलं नाही.
टोक पुढच्या भिंतीला घासलं.
तिने पुन्हा मोजलं.
आकडा बरोबर होता.

ऑर्वोने ते हातात घेतलं,
अंगठ्याने टोक चाचपलं,
बराच वेळ, जणू आंधळा ओळखीचा चेहरा बघतोय.
"नवी नळी बसवता येईल," ती म्हणाली.
"कोणासाठी?"
बाहेर तळ्यावर कुणाची तरी मोटरबोट
एकदा खोकली आणि बंद पडली.

"हातानेच भरायचं मग," तो म्हणाला. "एकेक."
"आणि पहिली चुकली तर?"
त्याने शेगडीत बर्चची ढलपी सारली.
"तर मूस घरी जाईल.
मीही."

राकेलने आकडा लिहिला,
शेऱ्याच्या रकान्यात 'एकेक',
आणि पान उलटण्याआधी
बोटांची काजळी
पँटला पुसली.