नोंद क्रमांक ४१२

तळहाताएवढा कागद, कडा कसरीने चाखलेल्या.
‘विश्रांती घेणारा शेतकरी. चित्रकार अज्ञात.’
लेबल माझ्याच अक्षरातलं,
धुळ्यात नवा रुजू झालो तेव्हाचं.

बाभळीला पाठ, पागोटं भुवयांवर उतरलेलं,
मांडीवर आडवी काठी.
पावलं काढलेलीच नाहीत.
घोट्यांखाली नुसता कागद,
जुन्या तुपासारखा पिवळा.
अपूर्ण, असं मी रजिस्टरात लिहिलंय.

काल भिकन काच पुसत होता.
न्याहळोदचा, पांझरेकाठचा.
पुसता पुसता थांबला.
“हाऊ झोपेल नई शे, साहेब.
पाटकरी शे. कोरडा पाटमा पाय सोडी बठेल.
पानी उनं का पायलेच समजस.”
आणि फडकं पिळायला निघून गेला.

मी भिंग आणलं.
काठीवरची बोटं खरंच आवळलेली,
झोपलेल्या माणसाची नसतात तशी.
घोट्याशी पेन्सिल एकदाच घसरलीय,
लांब, तिरकी, कागदाबाहेर.

कोण होता हा काढणारा?
कंटाळला,
की पाणी आलं
आणि पाटकरी उठून चालू लागला?

नवं लेबल छापायला मंजुरी लागते.
‘विश्रांती’खाली मी
पेन्सिलीने एक रेघ ओढलीय,
फिकट, खोडता येईल अशी.
सही केली नाही.